शिंपीणबाईंचा जोड

“पुन्हा तेच लावा,” शिंपीणबाई म्हणाल्या.

दुकानदाराने पुन्हा तेच गाणं लावलं. मुलाने घड्याळाकडे पाहिलं. घरी अँप्लिफायर होता, कमरेएवढे उंच दोन स्पीकर होते. त्यांना जोडायला फक्त एक डिजिटल प्लेअर हवा होता. समोरच्या फळीवर तीन प्लेअर मांडलेले. तिन्ही काळे, तिन्ही डब्याएवढे. त्याच्या मते डोळे मिटून कुठलाही उचलला असता तरी चाललं असतं.

“आई, हे गाणं तुला पाठ आहे गं. आपण प्लेअर निवडायला आलोय.”

“मग मी दुसरं काय करतेय?”

शिंपीणबाई हे त्यांचं रेकॉर्डिंग स्टुडिओतलं नाव. खरं तर त्यांना शर्टाचं बटणही धड लावता येत नसे. पण टेप जोडावी तर त्यांनीच. बिघडलेला भाग ब्लेडने तिरका कापायचा, चांगल्या तुकड्याचं टोक त्याला भिडवायचं, मागून पट्टी चिकटवायची आणि नखाने घासून बसवायची. सत्तावीस वर्षं त्यांनी हेच केलं. काम चोख झालं की ते कुणाला कळत नसे, आणि कळत नाही म्हणून कुणी नावही घेत नसे. रेकॉर्डच्या कव्हरवर गायिकेचं नाव असे, वादकांची असत, फोटो काढणाऱ्याचंसुद्धा असे.

या गाण्यात त्यांचा सगळ्यात अवघड जोड होता. दुसरं कडवं गाऊन होताच गायिकेचा घसा बसला. शेवटचं कडवं आदल्या दिवशीच्या तालमीच्या टेपमधून उचलावं लागलं. दोन दिवसांचे दोन तुकडे काही केल्या एकजीव होईनात. मध्ये खड्डा राहायचा, बोलता बोलता कुणी दार लावून घ्यावं तसा. गायिका घरी गेली. बाकीचे जेवायला गेले. ते परत आले तेव्हा खड्डा बुजलेला होता. कशाने बुजवला ते कुणी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! पुढे गाणं गाजलं, आणि हिने हे कसं सलग गायलंय बघा, असं म्हणत लोक गायिकेचं कौतुक करत राहिले.

घरच्या जुन्या कॅसेट प्लेअरवर जोड सुखरूप होता. खरखरीत काय, काहीही खपतं. पण ही नवी यंत्रं म्हणे राईएवढी चूक झाकू देत नाहीत. म्हणून तर मुलगा वर्षभर मागे लागला होता आणि बाई वर्षभर “आहे तो बरा आहे” म्हणत होत्या. गेल्या आठवड्यात त्या जुन्या प्लेअरने मान टाकली आणि बाईंची सबब संपली. आज सोक्षमोक्ष लागणार होता. आपलं काम चांगलं होतं, की नुसतं खरखरीच्या पदराआड लपलेलं होतं? म्हाताऱ्या तळहातांना घाम सुटला होता.

पहिल्या प्लेअरवर जोड कळला नाही. दुसऱ्यावरही नाही. पण दोन्ही बाईंना जरा भिडस्त वाटले, पाहुण्यांसमोर खरं न बोलणारे.

“काकू, आता हा ऐका,” दुकानदाराने तिसऱ्याची वायर लावली. “हा भलता तिखट कानाचा आहे. कुणाची भीड ठेवत नाही.”

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं गेलं. दुसरं संपत आलं तसे बाईंनी डोळे मिटले आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. मुलाला वाटलं, आई रंगलीये. दुसरं कडवं संपलं. शेवटचं सुरू झालं.

खड्डा नाही. धक्का नाही. साधा चरासुद्धा नाही.

बाईंचा ऊर भरून आला. एवढं शहाणं यंत्र, पण त्यांच्या ब्लेडने त्याच्याही हातावर तुरी दिल्या होत्या! उठून साऱ्या दुकानभर मिरवावं असं त्यांना वाटलं. त्या नुसत्याच ताठ बसल्या.

दुकानदाराने गाणं थांबवलं आणि थोडं मागे नेलं.

“तुमचा कान दर्दी आहे, म्हणून सांगतो. मीही नवं यंत्र आलं की याच गाण्यावर पारखतो. दुसरं कडवं संपलं की तिसऱ्याच्या आधी एक श्वास आहे. पहिल्या प्लेअरवर त्याची नुसती सळसळ होते. दुसऱ्यावर आल्यासारखा वाटतो. आता इथे बघा.”

आला. लहानसा, नाकाने घेतलेला, पुढचं काम अवघड आहे हे ठाऊक असलेल्या माणसाचा श्वास.

“वा!” दुकानदार मान हलवत म्हणाला. “ह्याला म्हणतात गायिका. नुसता श्वास घेतलाय, पण तोही सुरात!”

मुलगा घड्याळ विसरला होता. “खरंच गं आई. अगदी माझ्या शेजारी बसून कुणी घेतल्यासारखा वाटतो.”

शिंपीणबाई गालातल्या गालात हसल्या. पदराने त्यांनी तळहात पुसले.

“हाच बांधून द्या,” त्या म्हणाल्या. “यात मी ऐकू येते.”