दोन पंच

गौरवीला दोन पंच हवे होते. राष्ट्रीय उद्यानाच्या तपासणी नाक्यावर दहा-बारा माणसे उभी होती आणि सगळी झाडांकडे बघत होती.

पांढऱ्या गाडीची डिकी उघडी होती. आत बर्फाच्या पेटीत सांबराची तंगडी, खुरासकट. बाजूला टॉवेलात गुंडाळलेली बंदूक. गाडीचा मालक प्रशांत बॉनेटला टेकून आरामात सोडा पीत होता. पलीकडचे मोठे रिसॉर्ट त्याचे. नाक्यावरच्या निम्म्या घरांतली माणसे तिथे कामाला. पंचनाम्यावर दोन साक्षीदारांची सही नसली तर केस कोर्टात टिकणे कठीण, हे त्याला वनरक्षक गौरवीइतकेच ठाऊक होते.

चहावाला कृष्णनाथ म्हणाला, “बाय, आज चष्मा घरी राहिला. वाचल्याशिवाय सही कशी करू?” जीपवाल्या गोकुळदासला एकदम फोंड्याचे भाडे आठवले.

तेवढ्यात वरच्या साहेबांचा फोन आला. “गौरवी, गाडी कोणाची ते बघितलंस?”

“बघितलं सर. नंबर लिहून घेतलाय.”

“पंच मिळत नसतील तर सोड गाडी. उगाच बदली ओढवून घेशील.”

“बदली करा सर. गाडी सोडत नाही.”

फोन तिनेच आधी ठेवला.

मग शेवंती पुढे आली. मूळची सिंधुदुर्गातली, शेतमजुरीवर जगणारी बाई. गेल्या बुधवारी उद्यानात लाकडे तोडताना गौरवीनेच तिला पकडले होते. मोळी गेली, कोयता गेला, वर केस झाली. आज ती कोयता परत मिळतो का ते विचारायला आली होती.

“माजी सही घे,” ती म्हणाली. “मिया बगलंय ती तंगडी.”

प्रशांत हसला. “ही तर तुमचीच आरोपी. हिची साक्ष कोर्टात कोण धरणार?”

मेला खरे बोलत होता, हेच वाईट. गौरवी हळूच म्हणाली, “मावशे, तुझी सही चालायची नाही गे.”

शेवंती जराही रागावली नाही. “मगे माजो पंचनामो काड. मोठ्यान वाच.”

गौरवीला काही कळेना. तरी तिने फाईल काढली आणि वाचू लागली. एक मोळी, एक कोयता, आरोपी शेवंती. खाली पंचांच्या सह्या. पहिली कृष्णनाथची, दुसरी गोकुळदासची.

दोघेही पुन्हा झाडांकडे बघू लागले.

“माज्या चार लाकडांक तुमची सही चलली,” शेवंती त्या दोघांना म्हणाली. “तेच्या सांबराक कित्या चलना नाय?” मग तिने कृष्णनाथच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केले. चष्म्याची काडी बाहेर दिसत होती.

कृष्णनाथने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला. डिकीत वाकून नीट पाहिले आणि सही केली. त्याच्या हातातले पेन गोकुळदासने घेतले. त्याने प्रशांतकडे पाहिलेसुद्धा नाही.

प्रशांतच्या हातातला सोडा तसाच राहिला.

गौरवीने बंदुकीला चिठ्ठी बांधली, लाखेचे सील लावले आणि जप्तीचे कपाट उघडले. आत शेवंतीचा कोयता होता. तिने मान वर करून शेवंतीकडे पाहिले. कोयता आजही देता येणार नव्हता.

“रवांदे तो हयच,” शेवंती म्हणाली. “ह्येची बंदूक तेच्या बाजूकच ठेव.”