पुढे अडकलेली सीट

बाबांच्या जुन्या गाडीची बटणावर चालणारी सीट महिनाभर स्टिअरिंगला चिकटून बसली होती. बाबा पडले सहाफुटी, त्यांना आत शिरताच येईना. मेकॅनिक रोज उद्यावर ढकलत होता आणि बाबांच्या दारापासून गेटपर्यंतच्या येरझारा बघून माझंच डोकं फिरायची वेळ आली. शेवटी रविवारी मीच गाडीत मागच्या बाजूने आडवा झालो आणि टॉर्च घेऊन सीटखाली डोकं घातलं.

आईचा तर सकाळपासून पाय एका जागी ठरत नव्हता. "राहू दे ना रे, कशाला नसता उद्योग? शॉक बसेल."

"आई, या बॅटरीने झुरळसुद्धा मरत नाही!"

अखेर सापडलं. "वायर तुटलीय, बाबा. उंदराचं काम दिसतंय."

"बघू," म्हणत बाबा वाकले आणि त्यांनी वायरची दोन्ही टोकं बोटांनी चाचपून पाहिली.

मी वायर जोडली, टेप गुंडाळली आणि बटण दाबलं. सीट गुरगुरत मागे सरकली. बाबांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली, किल्ली घेतली आणि "आलोच एक चक्कर मारून" म्हणत गाडी रस्त्यावर काढलीसुद्धा.

"आई, आता त्या उंदरांचा बंदोबस्त कर बघू."

आई रस्त्याकडेच बघत होती.


"उंदीर कुठला! डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केलीय, समोरचं धड दिसत नाही त्यांना. तुला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली, म्हणून मीच सीट पुढे घेऊन वायर कापली रे."