ब्रेकची किंचाळी

सबनीस आणि मी कंपनीत एकाच दिवशी लागलो, पण आकुर्डीच्या आमच्या कॉलनीत पहिली गाडी आणली ती त्याने. तीही सेकंडहँड! रोज संध्याकाळी फाटकाशी तिचे ब्रेक असे किंचाळायचे, की सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरून जायच्या. माझी बायको मृदुलासुद्धा माझा चहा स्टोव्हवर तसाच टाकून धावायची. माझ्या सायकलची घंटा तिला कधी ऐकू आली नाही. गाडीपेक्षा मला तो आवाजच जास्त झोंबायचा. शेवटी मीच म्हणालो, "सबनीस, गुरुवारी सुट्टीला गाडी आण. ब्रेक मी बघतो." "राहू दे की राव, आवाजाने तुझं काय बिघडतंय?" तो हसला. गुरुवारी मी चाकं काढून ब्रेकचे ड्रम उघडले. आत धूळ साचली होती, आणि लायनर घासून घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. धूळ पुसली, लायनर पॉलिशपेपरने खरखरीत केले, आणि गाडी मांजरपावलांनी थांबायला लागली. आता बघू कोण धावतं ते! शुक्रवारी कामावरून सुटल्यावर घरी न जाता मी फाटकासमोरच्या पानटपरीवर थांबलो. वर आमच्या गॅलरीत मृदुला एकटीच उभी होती. माझी वाट बघतेय म्हणून जीव सुखावला. हात करणार, तेवढ्यात गाडी येऊन थांबली. आवाज अजिबात नाही. दुसऱ्या कुठल्याच गॅलरीत कुणी आलं नाही. सबनीस उतरला, त्याने वर पाहिलं, आणि मृदुला हसून आत गेली.