जोडले गेले

अच्युतरावांनी स्वतःची कथा पहिल्यांदाच वाचून रेकॉर्ड केली होती. ती टाकाऊ आहे का, हे त्यांना एकट्याने ऐकून ठरवायचं होतं. पण लिनक्सच्या संगणकाला ब्लूटूथ स्पीकर सापडेना.

ब्लूटूथची सेवा बंद पडली होती. त्यांनी कमांड देऊन ती चालू केली, जुनी जोडणी पुसली, यादीत आपल्या स्पीकरचं नाव निवडलं. पडद्यावर ‘जोडले गेले’ उमटलं. कथा लावली, आवाज वाढवला, तरी स्पीकर ढिम्म. दहा मिनिटांनी हरून ती थांबवली.

दारावर थाप पडली. शेजारच्या नलूताई तसलाच स्पीकर घेऊन उभ्या होत्या.

“अहो, हा चालू केला, तर भजनाऐवजी तुम्हीच बोलायला लागलात!”

अच्युतराव शरमेने अर्धमेले झाले. “माफ करा.”

“माफी राहू द्या. गोष्टीतल्या पोस्टमनने पत्र दिलं की नाही, तेवढं सांगा. आमचे हे चहा विसरून खोळंबलेत!”