ठमीपुरती फट

वरच्या थरातली शेवटची फट बुजवून बाबा मागे सरले आणि मान तिरकी करून बघत राहिले. आता कशी भिंतीसारखी भिंत दिसत होती! कालपर्यंत नुसते काँक्रीटचे ठोकळे एकावर एक रचून ठेवलेले, मधे दोन-दोन बोटं जागा मोकळी, आणि सिमेंट म्हणाल तर चिमूटभर नाही. पोरीचं पहिलंवहिलं प्रदर्शन, आणि काम असं अर्धवट. दमली असेल बिचारी.

जन्म गवंडीकामात गेलेल्या माणसाला अशी भिंत बघून झोप लागते थोडीच? कलादालनाचं दार उघडलं तेव्हा बाबा घमेलं, थापी आणि सिमेंट-वाळूची पिशवी घेऊन पायरीवर हजर होते. "शिल्पकारबाईंचा बाप आहे मी," एवढं त्यांनी अशा काही ऐटीत सांगितलं की पहारेकऱ्याने बादलीभर पाणीसुद्धा आणून दिलं.

ठमी आली ती नवे कपडे घालून, ओल्या केसांनी. अंगाने काडीसारखी आणि वयाने तिशीपलीकडची, तरी घरात तिला ठमीच म्हणत. ती दारातच थबकली.

"बाबा, हे कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? मी!" बाबांनी छाती पुढे काढली. "एक थेंब फरशीवर सांडलेला दिसला तर सांग. आता ढकलून बघ, हलायची नाही."

ठमी मटकन खाली बसली. "अकराला लोक येणार आहेत हो. ती भिंत नव्हती, बाबा."

"मग काय होतं?"

"फटी होत्या. ठोकळे नुसते त्यांना धरून ठेवायला."

बाबांना यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तिची हनुवटी थरथरायला लागली होती, आणि ते मात्र त्यांना तिच्या लहानपणापासून चांगलं कळत होतं. ते घाईघाईने तिच्यासमोर उकिडवे बसले.

"तुम्ही मला कामावर न्यायचात," ठमी नाक ओढत म्हणाली. "तुम्ही भिंतीच्या अलीकडे, मी पलीकडे वाळूत. थर चढले की तुम्ही दिसेनासे व्हायचात आणि मी भोकाड पसरायचे. मग तुम्ही खालच्या थरात एक फट सोडायला लागलात. माझ्यापुरती. मुकादम ओरडायचा, तरी तुम्ही संध्याकाळी निघेपर्यंत ती बुजवायचा नाहीत."

बाबा हातातल्या थापीकडे बघत राहिले. त्यांना फार वाईट वाटलं.

"आठवतं गं," ते हळूच म्हणाले. "आठवणार नाही कसं? पण एवढ्या सगळ्या फटींत मला ती ओळखूच आली नाही."

मग ते ताडकन उठले. "चल, रडतेस काय? ओलं आहे अजून. तू पलीकडून ढकल, मी अलीकडून ओढतो."

दोघं कामाला भिडली. वरच्या फटी पटापट मोकळ्या झाल्या, मधल्यांनी जरा छळलं. ठमीच्या नव्या कपड्यांची पार वाट लागली. कपाळावरचे केस मागे सारताना तिने तिथेही सिमेंट फासून घेतलं आणि तिला एकदम हसू आलं. बाबांचा जीव भांड्यात पडला.

राहिली एकच, सगळ्यात खालच्या थरातली. सकाळी पहिल्यांदा तीच भरलेली, त्यामुळे तिच्यातलं सिमेंट घट्ट धरून बसलं होतं. बाहेर गाड्यांची दारं वाजली, माणसांचे आवाज जवळ आले.

"ती राहू द्या, बाबा. हातोडा लावला तर ठोकळाच फुटेल."

"हातोडा कोण लावतंय?" बाबांनी पिशवीतून एक लांब खिळा काढला आणि खास आजच्यासाठी इस्त्री केलेल्या शर्टासकट ते चकचकीत फरशीवर पालथे पडले.

लोक आत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. दालन चालवणाऱ्या बाई लगबगीने पुढे आल्या, ठमीने त्यांना बोटानेच थांबवलं आणि तीही भिंतीच्या पलीकडे पालथी पडली. दालनभर एवढाच आवाज, खर्र... खर्र... मधेच बाबांची फुंकर, की पुन्हा खर्र.

बराच वेळ तिला समोर राखाडी सिमेंटच दिसत होतं. मग त्यातून खिळ्याचं टोक बाहेर आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. भुगा पडला. एक बोट आलं आणि फट साफ करून गेलं. त्यानंतर तिथे एक म्हातारा डोळा येऊन थांबला, भुवई सिमेंटने पांढरी झालेला.

"दिसतोय का गं?"

"दिसताय. आता संध्याकाळपर्यंत बुजवायची नाही."

"आणि मुकादम ओरडला तर?"

"ओरडू दे," ठमी म्हणाली, आणि हनुवटीखाली हात घेऊन तिथेच पडून राहिली.