सावली

“अजून जवळ घे रे, डोळे दिसले पाहिजेत फोटोत,” हौसाबाईंचा जावई कॅमेरा रोखून नावाड्याला म्हणाला. अभयारण्याच्या पाण्यात उभ्या बाभळीवर चित्रबलाकाची मादी पंख पसरून पिल्लांवर सावली धरून होती. नाव सरकली तशी ती बिचकून उडाली.

“मागं घे नाव!” हौसाबाईंचा आवाज निघाला तो थेट बाळंतिणीच्या खोलीतला. गावची निम्मी पोरं या सुईणीच्या हातांवर जन्मली होती. लेकीचं बाळंतपणही त्यांनीच केलं होतं. “पिल्लं उन्हानं होरपळतील.”

“आई, एकच फोटो...”

“जावईबापू, तुमच्या पोरीच्या वेळी तुम्ही असेच खिडकीला नाक लावून होता. मी काय केलं होतं?”

“तोंडावर खिडकी लावलीत,” जावई ओशाळला. शेजारी बसलेली लेक खुदकन हसली.

नाव लांब लव्हाळ्यापाशी जाऊन थांबली. जावई कॅमेरा मांडीवर ठेवून तेव्हासारखाच ताटकळत बसला. हौसाबाई कपाळाशी हात धरून एकटक बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं मादी घरट्यात उतरली, तिनं पुन्हा पंख पसरले.

हौसाबाईंनी सवयीनं पदराला हात पुसले आणि जावयाकडे वळल्या.

“बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.”