कुणाच्या नावानं?

माचुनू आजी झाडाची साल काढायच्या आधी रोग्याचं नाव विचारायची, मग जखमेवर माती लिंपायची. झाडाची जखम भरली की रोगीही उठून बसणार, ही तिची खात्री.

डर्बनच्या प्रयोगशाळेतल्या नोकवाझीला त्या सालीत विषाणू मारणारं काहीतरी सापडलं होतं. आता पोतंभर साल हवी होती, म्हणून ती माणसं घेऊन आजीकडे आली.

"नाव सांग, पोरी."

"साऱ्या जगाच्या नावानं काढ, आजी!" नोकवाझी हसली, आणि तिच्या माणसांनी अख्खा बुंधा सोलला.

सहा महिन्यांनी ती दुसरं पोतं न्यायला आली, तर झाड वाळून खडखडीत झालेलं. आजी खोडाला माती लिंपत बसली होती.

"मेलंय ते, आजी. आता कशाला?" नोकवाझीनं रिकामं पोतं खाली ठेवलं.



"तुझ्या त्या जगात माझी नातवंडंपण येतात ना गं?"